ओगी राव : पिढ्यांमागून आलेली भीती आणि तिच्याकडे पाहण्याची रीत

फोंडा तालुक्यातल्या एका शिक्षिकेने मला सविस्तर पत्र लिहून तीन प्रश्न विचारले आहेत. त्यांची आजी भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, कुळागरात (नारळ-सुपारीच्या बागायतीत) मुंडकार म्हणून, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर बांधून राहणारी म्हणून, जन्मभर राहिली. भाटकाराच्या घरी गेली तर सोप्यावर कधी बसली नाही, खालच्या पायरीपाशी उभी राहिली. त्यांच्या आईला घरात चढलेला आवाज सहन होत नसे. मुले मोठ्याने बोलली की "ओगी राव, भाटकार आयकतलो" (गप्प राहा, भाटकार ऐकेल) असे कोंकणीत म्हणून ती त्यांच्या तोंडावर हात दाबी. आज घर त्यांच्या नावावर आहे आणि भाटकाराचे कुटुंब केव्हाच मुंबईला गेले आहे. तरीही शाळेच्या सभेत बोलायची वेळ आली की त्यांचा घसा कोरडा पडतो, आणि सात वर्षांचा मुलगा पाहुण्यांसमोर मोठ्याने बोलला की त्यांचा हात उठतो. गेल्या महिन्यात तो हात मुलाच्या तोंडावर जोरात पडला. ही भीती रक्तातून उतरली आहे का, ध्यानाला डोळे मिटून बसल्यावर मन शांत होण्याऐवजी छाती का धडधडू लागते, आणि सत्तरी ओलांडलेल्या आईला आता जुन्या गोष्टी विचाराव्यात का, हे ते तीन प्रश्न. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, आणि त्यांच्या संमतीनेच हे उत्तर त्यांना उद्देशून, पण सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

रक्ताच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण आघात जनुकांतून पुढच्या पिढीत जातो हे वाचल्यापासून आपल्याला मुलाविषयी धास्ती वाटू लागली आहे. या विषयावर गंभीर संशोधन झालेले आहे, पण त्यातून जेवढे सिद्ध होते त्यापेक्षा पुष्कळ अधिक सांगितले जाते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली तेव्हा जी मुले गर्भात होती त्यांच्या जनुकांवरच्या रासायनिक खुणांत साठ वर्षांनंतरही फरक आढळला, असा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु ती मुले आईच्या पोटात स्वतःच त्या उपासमारीतून गेली होती. नाझी छळातून वाचलेल्या ३२ व्यक्ती आणि त्यांची २२ मुले यांच्या एका जनुकाची तपासणी न्यूयॉर्कच्या राहेल येहुदा यांच्या गटाने केली आणि तिचा जगभर गाजावाजा झाला. पण एवढ्या थोड्या माणसांवरून सगळ्या मानवजातीविषयी काही ठरवता येत नाही, हा आक्षेप इतर शास्त्रज्ञांनी तेव्हाच घेतला. आजीची भीती जनुकांच्या वाटेने नातवापर्यंत पोचते असे म्हणण्याइतका पुरावा माणसांच्या बाबतीत आज हाती नाही. आपल्या मुलाच्या रक्तात काही शिरले आहे असे मानून आपण त्याच्याकडे पाहू नये, ही माझी पहिली विनंती.

जे नक्की पोचते ते घरातल्या रोजच्या वागण्यातून पोचते. छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या, युद्धानंतर जन्मलेल्या मुलांमध्ये तीव्र मानसिक त्रास दिसतो, ही नोंद कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ व्हिव्हियन राकॉफ यांनी १९६६ मध्ये केली, तेव्हापासून हा विषय अभ्यासला जातो आहे. मूल बोलू लागण्याआधी आईचे शरीर वाचायला शिकते. गडग्यापलीकडे पावले वाजली की कडेवर घेणाऱ्या हाताची पकड घट्ट होते, श्वास क्षणभर थांबतो, चुलीपाशी चाललेले बोलणे अर्ध्यावर तुटते. ही शिकवण दिवसातून अनेकदा, शब्दांवाचून, मिळत राहते. आपल्या आजीने आईला भाटकाराची एकही गोष्ट सांगितली नसेल, आणि तरीही आईला सगळे ठाऊक झाले असेल. ज्याला गोष्ट नाही त्याला शेवटही नसतो, म्हणून न सांगितलेली भीती सांगितलेल्या भीतीपेक्षा जास्त काळ टिकते असे मला इतक्या वर्षांच्या कामातून दिसले आहे.

ती भीती अकारण नव्हती, हे मात्र मला ठासून सांगायचे आहे. मुंडकाराने भिंती स्वतः उभ्या केल्या, जमीन सारवली, छप्पर शाकारले, पण खालची माती भाटकाराची. नारळ पाडण्यापासून बागायतीची राखण करण्यापर्यंत आणि भाटकाराच्या घरच्या लग्नकार्यात राबण्यापर्यंत बरेचसे काम बिनमोबदला करावे लागे, आणि एका उलट शब्दाने डोक्यावरचे छप्पर जाऊ शके. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी मुंडकाराला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण आणि घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क देणारा कायदा यायला १९७५ उजाडले. पुढे मामलेदाराच्या कचेरीत नोंद होऊन जागा नावावर होईपर्यंत कित्येक घरांत दुसरी पिढी म्हातारी झाली. अशा परिस्थितीत मुलांच्या तोंडावर हात दाबणारी आई क्रूर नव्हती. ती घर वाचवत होती. तिच्या त्या हाताने तिच्या काळात आपले काम चोख केले. आपल्या बाबतीत अडचण एवढीच आहे की धोका संपल्याची खबर त्या हातापर्यंत अजून पोचलेली नाही.

इथे थोडे विषयांतर करते, कारण गोव्यात हा विषय निघाला की संभाषण फार मागे जाते. पोर्तुगीज राजवटीत मंगेशाला १५६० मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला हलवावे लागले, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, आणि आपण अंत्रुजातली, म्हणजे फोंड्याकडची, माणसे त्या विस्थापनाच्या छायेतच वाढलो, असे मला अनेकजण सांगतात. ती सामूहिक स्मृती खरी आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. पण साडेचारशे वर्षांपूर्वीच्या घटनेवर आपल्या घसा कोरडा पडण्याचा भार टाकला तर आपल्या हाती करण्यासारखे काही उरत नाही. ज्या माणसाचा आवाज आपण स्वतः ऐकला आहे तिथपासून सुरुवात करावी. आपल्या बाबतीत तो आवाज आईचा, आणि फार तर आजीचा. ज्याच्या आजोबांनी आग्वादच्या तुरुंगात दिवस काढले आणि परतल्यावर दाराकडे पाठ करून कधी जेवण केले नाही, अशा एका गृहस्थांबरोबरही मी याच रीतीने काम केले. आणि भाटकारांच्या घरांतली माणसेही माझ्याकडे येतात, त्यांच्या घरातले मौन वेगळ्या गोष्टीचे असते, पण कामाची रीत तीच राहते.

या रीतीला मराठीत सहसा आत्मपरीक्षण म्हणतात. मला तो शब्द या कामासाठी योग्य वाटत नाही, कारण परीक्षण म्हटले की गुण-दोष आले, निकाल आला, आणि ज्याच्या घरात आधीच पिढ्यान्‌पिढ्या खाली मान घालायला शिकवले गेले आहे त्याच्या हाती आपण आणखी एक छडी दिली असे होते. मी नुसते पाहणे म्हणते. आपण जे करतो ते करताना आपल्याला काय होते, ते कुठून आले आणि ते आज लागू आहे का, एवढेच पाहायचे.

हे पाहणे उपयोगी का पडते, याचे उत्तर अमेरिकेतल्या सेल्मा फ्रायबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये फार नेमके दिले. लहानपणी मार आणि उपेक्षा सोसलेल्या तरुण आयांबरोबर, त्यांच्या तान्ह्या मुलांच्या सोबतीने, त्यांनी काम केले. आपल्यावर काय गुजरले हे सगळ्यांनाच आठवत होते. ज्यांना घटना आठवत होत्या पण त्या वेळचे दुःख आणि भीती आठवत नव्हती, त्यांच्याकडून मुलांवर तेच पुन्हा होत होते. ज्यांना ती भावना पुन्हा जाणवू शकली, त्यांचा हात थांबत होता. पुढे मेरी मेन यांनी बर्कलीत आणि पीटर फोनागी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये याच दिशेने काम केले. लंडनच्या १९९१ च्या अभ्यासात बाळ जन्मण्यापूर्वीच आईला तिच्या बालपणाविषयी विचारले गेले, आणि ती कशा रीतीने बोलली यावरून बाळ वर्षाचे झाल्यावर तिच्यापाशी कितपत निर्धास्त असेल याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघाला. बालपण सुखाचे होते की दुःखाचे यापेक्षा त्याविषयी आईला सलग, न तुटता, न झाकता बोलता येते का याला महत्त्व ठरले. आपण मला लिहिलेले पत्र मी पुन्हा वाचले, आणि आजीविषयी, आईविषयी आपण असे सलग लिहू शकलात हे पाहून मला आपल्या मुलाविषयी आशा वाटली.

आता डोळे मिटण्याचे. पिढ्यांपासून पहाऱ्यावर राहायला शिकलेल्या शरीराला डोळे हे पहारेकरी असतात. ते मिटले की आतली घंटा वाजू लागते. आपल्यात काही उणे आहे म्हणून ध्यान जमत नाही, असे अजिबात समजू नका. मिटल्या डोळ्यांचे ध्यान तूर्त बंद ठेवा. सकाळी मुलगा उठण्यापूर्वी घराच्या पायरीवर बसा, अनवाणी पाय चिऱ्याच्या दगडावर टेकवा, डोळे उघडे ठेवून अंगणातल्या एखाद्या दूरच्या गोष्टीकडे, माडाच्या शेंड्याकडे म्हणा, पाहत राहा आणि श्वास आत घ्यायला लागतो त्यापेक्षा तो सोडायला अधिक वेळ द्या. पाच मिनिटे पुरेत. छाती धडधडू लागली तर उठून तुळशीला पाणी घाला. नेटाने बसून राहण्यात या कामी काही पुण्य नाही.

खरे काम वहीत होते. शाळेतली साधी वही घ्या आणि ज्या दिवशी घसा कोरडा पडला किंवा हात उठला त्या दिवशी, शक्यतो दिवसाउजेडी, तीन गोष्टी लिहा. पहिली, काय घडले ते, बाजूला बसलेल्या तिऱ्हाइताने पाहिले असते तसे: पाहुणे आले, मुलगा "हे आमचे घर" असे मोठ्याने म्हणाला, माझा हात उठला. दुसरी, शरीरात कुठे काय झाले. तिसरी, त्या क्षणी मनात कोणते वाक्य आले आणि ते कुणाच्या आवाजात आले. या तिसऱ्या गोष्टीपाशी गोव्यातली बहुतेक मराठी माणसे अडतात, आणि त्याचे कारण मला कळायला बरीच वर्षे लागली. आपण पोथी मराठीत वाचतो, पत्र मराठीत लिहितो, पण आईने तोंडावर हात दाबताना जे म्हटले ते कोंकणीत म्हटले. वहीत त्याचे मराठी केले की वाक्य शहाणे होते आणि त्यातली भीती बाहेर राहते. "शांत राहा, मालक ऐकतील" हे वाचून आपले काही होणार नाही. "ओगी राव, भाटकार आयकतलो" हे हाताने लिहिताना बोटे थरथरतील. म्हणून वाक्य ज्या भाषेत कानावर पडले त्याच भाषेत लिहा, आणि त्याच्याकडे पाहणे मराठीत करा. एक भाषा आतली आणि एक पाहण्याची, ही सोय आपल्याकडे जन्मतःच आहे, आणि या कामात मी तिचा फार आधार घेतला आहे.

काही आठवड्यांनी चौथी ओळ वाढवा: त्या क्षणी मी किती वर्षांची झाले होते? एका बाईंनी माझ्यासमोर याचे उत्तर "पाच" असे लिहिले आणि मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. पाच वर्षांच्या मुलीला सभेत बोलायला लावले तर तिचा घसा कोरडा पडणारच. तिला दटावण्यापेक्षा आज आपण चाळीशीच्या आहोत आणि हे घर आपले आहे हे तिला सांगणे अधिक उपयोगी पडते.

लिहिण्याविषयी एक सावधगिरी. अमेरिकेतल्या जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आपल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवाविषयी लिहायला सांगितले होते. लिहिल्यावर लगेच त्यांचे मन अधिक खिन्न झाले. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांचे दवाखान्यात जाणे कमी झाले. नंतरच्या असंख्य प्रयोगांतून हा लाभ सरासरीने लहानच दिसला. तेव्हा वहीकडून चमत्काराची अपेक्षा नको, आणि लिहिल्यानंतर जड वाटले तर काहीतरी बिघडले असेही समजायला नको. पंधरा मिनिटे झाली की वही मिटून हातांना काम द्या, भाजी चिरा, झाडांना पाणी द्या. झोपण्यापूर्वी लिहू नका.

भाजी चिरण्यावरून आबे फारियांची आख्यायिका आठवली. पणजीत ज्यांचा पुतळा आहे ते कांदोळीचे फारिया लिस्बनमध्ये मोठमोठ्या लोकांपुढे प्रवचनाला उभे राहिले आणि त्यांची वाचा बसली. तेव्हा खाली बसलेल्या वडिलांनी हळूच कोंकणीत म्हटले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी", आणि त्यांची जीभ सुटली. गोष्ट घडली तशीच सांगितली जाते की नाही हा भाग वेगळा, पण ती आपल्याकडे इतकी वर्षे टिकली याचे मला महत्त्व वाटते. वडीलमाणसाचे एक वाक्य मुलाची वाचा बंद करू शकते तसे मोकळीही करू शकते, हे आपल्या लोकांना पूर्वीपासून माहीत होते. आपल्या मुलाला आपण कोणते वाक्य द्याल ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

मुलाच्या बाबतीत मी कठोर बोलणार आहे. हात उगारणे बंद करणे हे पाहण्याचे फळ म्हणून पुढेमागे आपोआप येईल, अशी वाट पाहू नका. ते आजपासून बंद. हात उठला की तो स्वतःच्या पोटावर ठेवा आणि खोलीबाहेर जा; पाहुण्यांना काय वाटेल याची पर्वा त्या क्षणी करू नका. आणि गेल्या महिन्यातली गोष्ट तशीच सोडून देऊ नका. तो विसरला असेल असे आपल्याला वाटते, पण आपण लहान असताना विसरला नव्हतात. त्याच्या उंचीवर बसून त्याला कोंकणीतच सांगा की त्या दिवशी तू काही चुकीचे केले नव्हतेस, माझ्या हाताची चूक झाली, मी लहान असताना मोठ्याने बोलायची भीती वाटायची आणि ती भीती मला अचानक आठवली. एवढेच. त्याने आपल्याला क्षमा करावी किंवा समजून घ्यावे अशी मागणी नको, आणि त्याच्यापुढे रडून मन मोकळे करणे तर नकोच, कारण मग आईला सावरण्याचे काम त्याच्याकडे जाते आणि तो नव्या कारणाने गप्प राहायला शिकतो. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि तान्हे मूल यांच्या चित्रफिती बारकाईने पाहून दाखवले की उत्तम नात्यातसुद्धा दोघांचा सूर जुळलेला असा वेळ थोडाच असतो. तुटलेला सूर पुन्हा जुळवला जातो, यातूनच मुलाला भरवसा येतो. आपल्या आजीला आणि आईला ही दुरुस्ती करायला उसंतच नव्हती. आपल्याला आहे.

हे सगळे एकटीने करण्याच्या कामाला मर्यादा आहेत. रात्री वारंवार दचकून जाग येत असेल, मधला काही वेळ आठवेनासा होत असेल, हात थांबवणे जमतच नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून माणसाकडे जावे. बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था सरकारी आहे. टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र आणि विनामूल्य चालतो. डॉक्टरच भेटला पाहिजे असेही नाही; गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या संगाथ या संस्थेने प्रशिक्षित सामान्य माणसांचे समुपदेशनही नैराश्यावर गुणकारी ठरते हे आपल्याच आरोग्य केंद्रांत दाखवून दिले आहे.

राहिला आईचा प्रश्न. विचारा, पण दुःख विचारू नका. "तुला किती भीती वाटायची" असे विचारले की ती "कसली भीती" म्हणून उठून जाईल, आणि ते तिचे बरोबरही असेल. मी सांग्याच्या कुर्डी गावाचे उदाहरण देते. साळावली धरणात हे गाव बुडाले आणि शेकडो कुटुंबे दुसरीकडे वसवली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की मे महिन्यात जुने गावकरी सोमेश्वराच्या देवळापाशी आणि कपेलपाशी (छोट्या चर्चपाशी) परत जमतात. तिथे कुणी कुणाला तुझे मन कसे आहे असे विचारत नाही. म्हातारे माणूस चिखलातून वर आलेल्या जोत्यावर उभे राहून नातवाला सांगते की इथे चूल होती, इथे गाय बांधत असू, या पायरीवर तुझी पणजी बसायची. बोलता बोलता त्याचा आवाज भरून येतो आणि नातवाला त्या एका पायरीबरोबर पुष्कळ काही मिळते. आपणही आईला वस्तू विचारा, जागा विचारा. कुळागरातले जुने घर नेमके कुठे होते, पाणी कोणत्या विहिरीचे आणत, भाटकाराच्या घरी आजी कोणत्या दाराने जाई, जागेचे कागद हाती आले त्या दिवशी घरात काय शिजले होते. एका वेळी एकच प्रश्न, आणि दोघींच्या हातांत काही काम असताना. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची आरास, बांधायला सगळे घर एकत्र जमते तो वेळ यासाठी मला चांगला वाटतो.

ती काहीच बोलली नाही तर तिच्यावर रुसू नका. कित्येक घरांत मी पाहिले आहे की मुलीला जे सांगवत नाही ते नातवाला सांगितले जाते. शक्य असेल तर तिला आणि मुलाला घेऊन त्या जुन्या जागेवर जा, मुलगा मोठ्याने बोलला तर बोलू द्या, आणि तिचा हात त्याच्या तोंडाकडे गेला तर तो आपल्या हातात घ्या.